बर्फातून वर आलेले डोंगर : प्रस्तावना

आकोटच्या उत्तरेला, शेतांच्या पलीकडे, पावसाने उघडीप दिली की सातपुड्याची निळी रेघ एकदम जवळ आल्यासारखी वाटते. लहानपणी वडिलांच्या सायकलच्या दांडीवर बसून जाताना त्यांनी त्या रेघेतला एक सपाट माथा मला दाखवला होता. "तो पाय, नरनाया." वऱ्हाडी जिभेवर ळ चा य होतो. शाळेच्या पुस्तकातला नरनाळा आणि वडिलांचा नरनाया हा एकच डोंगर, हे पुढे कधीतरी उमगले. पण डोंगराची पहिली ओळख नावाने होते आणि ते नाव कुणीतरी बोट दाखवून सांगावे लागते, हे त्या दिवशी कायमचे मनात बसले.

दुसरे दृश्य चिखलदऱ्याचे. श्रावणात पहाटे तिथल्या कड्यावर उभे राहिले की दरी ढगांनी काठोकाठ भरलेली असते. खालचे रान दिसत नाही, वाट दिसत नाही, पायथा दिसत नाही. त्या पांढऱ्या पसाऱ्यातून दोन-चार काळे माथे तेवढे वर आलेले असतात. आठ-नऊ वाजता ऊन चढले की ढग विरतात, दरी पुन्हा दरी होते आणि ते सुटे माथे एकाच डोंगराची शिखरे होती हे कळते. आता कल्पना करा, की ते ढग विरलेच नाहीत. ते गोठले, दगडासारखे घट्ट झाले, दीड-दोन किलोमीटर जाड झाले आणि लाखो वर्षे तसेच राहिले. दरीत काय आहे हे कुणालाच ठाऊक नाही, वरचे माथे मात्र दिसताहेत. अंटार्क्टिकात आणि ग्रीनलंडमध्ये असे माथे शेकड्यांनी आहेत. त्यांना नुनाटाक म्हणतात, आणि हे पुस्तक त्यांच्याविषयी आहे.

आपण डोंगर खालून पाहणारी माणसे. पायथा, घाट, खिंड, माथा अशी आपली डोंगराची भाषा खालून वर चढत जाते. जुन्या वऱ्हाडचे भागसुद्धा पाइनघाट आणि बालाघाट, म्हणजे घाटाखालचा आणि घाटावरचा, असेच पाडले होते. नुनाटाकाला पायथाच नसतो. नकाशावर त्याची उंची समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटर लिहिलेली असते आणि जवळ गेल्यावर समोर शंभर-दोनशे मीटरचा उघडा खडक उभा असतो. उरलेला डोंगर बर्फाच्या पोटात. अंटार्क्टिकावरच्या बर्फाची सरासरी जाडी सुमारे दोन किलोमीटर आहे, काही ठिकाणी ती साडेचार किलोमीटरच्याही पुढे जाते. पूर्व अंटार्क्टिकाच्या मध्यभागी तर एक आख्खी पर्वतरांग गाडलेली आहे आणि तिचे एकही टोक वर आलेले नाही. १९५८ साली सोव्हिएत मोहिमेला बर्फाखालच्या मोजणीत ती सापडली. ग्रिगोरी गाम्बुर्त्सेव्ह या भूभौतिकशास्त्रज्ञाचे नाव तिला दिले गेले. माणसाच्या डोळ्याने कधीच न पाहिलेल्या पर्वताला नाव आहे, ही गोष्ट मला अजूनही थक्क करते.

नुनाटाक हा शब्द ग्रीनलंडच्या इनुइट लोकांचा. त्यांच्या भाषेत 'नुना' म्हणजे भूमी. ग्रीनलंडला ते कलाल्लित नुनात म्हणतात, कलाल्लित लोकांची भूमी. तीच 'नुना' या शब्दातही आहे. एकोणिसाव्या शतकात हा शब्द डॅनिश आणि स्वीडिश प्रवाशांनी उचलला आणि तिथून तो जगभरच्या भूगोलात गेला. मराठीत त्यासाठी नवा शब्द घडवावा असे मला अनेकांनी सुचवले. हिमशिखर म्हटले तर डोळ्यांपुढे कांचनगंगा येते, तिच्यावर बर्फ आहे. इथे बर्फाच्या वर शिखर आहे, नेमके उलटे. हिमबेट म्हटले तर बर्फाचे बेट असा अर्थ निघतो. ज्यांच्या डोळ्यांसमोर हे डोंगर होते त्यांनी बर्फ सोडून जमिनीवरून नाव ठेवले. चहूकडे पांढरे असताना त्यांना त्यात जमीन दिसली. तो शब्द मी तसाच ठेवला आहे. फक्त 'टा' दीर्घ लिहिला आहे, म्हणजे मुले तो वाचताना 'नाटक' वाचणार नाहीत.

परका शब्द आपल्या मातीत रुजतो याचा पुरावा शोधायला लांब जायला नको. गाविलगडचा आणि नरनाळ्याचा काळा दगड साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. त्याला आपण दख्खन ट्रॅप म्हणतो. 'ट्रॅप' हा शब्द जिन्याच्या पायऱ्यांसाठी असलेल्या स्वीडिश शब्दावरून आला, कारण हे थर पायऱ्या-पायऱ्यांनी उतरतात. वऱ्हाडच्या डोंगराच्या नावात स्वीडनचा जिना आहे, आणि अंटार्क्टिकाच्या खडकांवर भारताच्या स्थानकाला 'मैत्री' हा संस्कृत शब्द आहे.

त्या खडकांची गोष्ट थोडी सविस्तर सांगितली पाहिजे, कारण या पुस्तकाचा निम्मा भाग तिच्याभोवती फिरतो. १९३८ च्या डिसेंबरात अल्फ्रेड रित्शर यांच्या नेतृत्वाखाली 'श्वाबेनलांड' हे जर्मन जहाज अंटार्क्टिकाकडे निघाले. जहाजावर 'बोरेआस' आणि 'पासाट' नावाची दोन विमाने होती. ती जहाजावरून फेकयंत्राने उडवत आणि परत पाण्यावर उतरवत. काही आठवड्यांत त्यांनी हवेतून अकरा हजारांवर छायाचित्रे घेतली. आपला हक्क दाखवण्यासाठी स्वस्तिकाची खूण असलेले धातूचे बाण विमानातून बर्फावर टाकले. आणि नावे दिली, भराभर दिली. विमानचालक रिचर्डहाइनरिश शिर्माखर यांनी १९३९ च्या फेब्रुवारीत बर्फाच्या मधोमध उघड्या टेकड्या आणि तळी पाहिली, त्या जागेला त्यांचे नाव मिळाले. तिच्या दक्षिणेला उभ्या असलेल्या प्रचंड पर्वताला मिळाले हेल्मुट वोल्टाट यांचे. वोल्टाट हे बर्लिनमधले अधिकारी, मोहिमेच्या खर्चाची आणि व्यवस्थेची बाजू त्यांनी सांभाळली. तो पर्वत त्यांनी कधी पाहिला नाही.

वरून घेतलेल्या छायाचित्रांना जमिनीवरच्या मोजमापाचा आधार नव्हता, त्यामुळे त्यांच्यावरून काढलेला नकाशा ठिकठिकाणी सरकलेला होता. पुढे नॉर्वेने आणि सोव्हिएत संघाने त्या भागाची नव्याने पाहणी केली तेव्हा कित्येक जर्मन नावांचे डोंगर सापडेनात. नाव होते आणि डोंगर नव्हता. नाव ठेवणाऱ्याने त्या जमिनीवर पाऊल टाकलेले नसले की असे होते, असे माझे स्पष्ट मत आहे. नॉर्वेची नावे मला वेगळी वाटतात. दुसऱ्या महायुद्धात नाझी ताब्याविरुद्ध देशात राहून लढलेल्यांच्या स्मरणार्थ त्यांनी एका रांगेला 'हाइमेफ्रॉन्टफ्येला', म्हणजे घरच्या आघाडीचे डोंगर, असे नाव दिले. ज्या भूमीवर स्वस्तिकाचे बाण पडले होते त्याच भूमीवर ही नावे लागली. नकाशावरच्या नावात किती इतिहास दडलेला असतो, हे मला या एका जोडीने शिकवले.

एकाच डोंगराला दोन नावे असणे तिथे नेहमीचे आहे. १९६० साली बेल्जियमच्या मोहिमेने नुनाटाकांच्या एका रांगेला राणी फाबिओला यांचे नाव दिले. त्याच वर्षी जपानी मोहीम तिथे पोहोचली आणि जपानी नकाशांवर तीच रांग यामातो झाली. आज दोन्ही नावे चालतात. १९५९ च्या अंटार्क्टिक करारान्वये तिथे नवे मालकीहक्क सांगता येत नाहीत, पण नावे ठेवायला बंदी नाही. बल्गेरियाने आपल्या गावांची आणि राजांची नावे तिथे नेली. या सगळ्यांची मिळून एक संयुक्त सूची आंतरराष्ट्रीय वैज्ञानिक समिती ठेवते. तिच्यात एका देशाचे नाव खोडून दुसऱ्याचे लिहिले जात नाही, सगळी शेजारी-शेजारी राहतात. ही पद्धत मला फार शहाणपणाची वाटते.

भारत या सूचीत उशिरा आला. ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याच्या मुरगाव बंदरातून डॉ. सय्यद जहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली 'पोलर सर्कल' हे भाड्याचे नॉर्वेजियन जहाज निघाले. ९ जानेवारी १९८२ रोजी एकवीस जणांची ती तुकडी अंटार्क्टिकावर उतरली. आपले पहिले स्थानक 'दक्षिण गंगोत्री' १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत समुद्रावर तरंगणाऱ्या हिमस्तरावर उभे राहिले. त्याच मोहिमेत दोन भारतीय स्त्रिया पहिल्यांदा तिथे गेल्या. सुदीप्ता सेनगुप्ता या भूवैज्ञानिक आणि गिर्यारोहक. शिर्माखर टेकड्यांच्या खडकांची रचना त्यांनी अभ्यासली. दुसऱ्या डॉ. अदिती पंत, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या सागरशास्त्रज्ञ. त्या औंधच्या पंतप्रतिनिधी घराण्यातल्या आणि त्यांचा जन्म १९४३ चा, नागपूरचा. विदर्भात जन्मलेली एक मराठी मुलगी इथल्या उन्हातून त्या बर्फावर गेली, हे आपल्या शाळांत जेवढे सांगितले जायला हवे तेवढे सांगितले जात नाही.

दक्षिण गंगोत्री हळूहळू बर्फाखाली गाडली गेली आणि काही वर्षांतच सोडून द्यावी लागली. त्यानंतरचे 'मैत्री' स्थानक १९८९ पासून शिर्माखरच्या उघड्या खडकावर आहे. तिथले पाणी ज्या तळ्यातून येते त्याला आपण प्रियदर्शिनी म्हणतो. रशियन नकाशांवर त्याचे नाव झुब. शेजारची हिमनदी दक्षिण गंगोत्री याच नावाने आंतरराष्ट्रीय नकाशावर आहे. तिचे टोक किती मागे हटते याची मोजणी भारतीय भूवैज्ञानिक १९८० च्या दशकापासून करत आहेत आणि २००५ साली ती जागा खास संरक्षित म्हणून जाहीर झाली. हे नाव मला मनापासून पटते. तिथे माणसे दरवर्षी जातात, खुणा करतात, फीत लावून अंतर मोजतात. म्हणून ते नाव टिकेल.

काटेकोरपणे पाहिले तर शिर्माखर हा नुनाटाक नव्हे. सुमारे ३५ चौरस किलोमीटरचा, शंभरावर तळी असलेला तो बुटका टेकड्यांचा पट्टा आहे. त्याच्या एका बाजूला खंडाचा बर्फ आणि दुसऱ्या बाजूला समुद्रावरचा हिमस्तर. भूगोलाच्या पुस्तकांत त्याला मरूद्यान म्हणतात. पण तिथे उभे राहून दक्षिणेकडे पाहिले की बर्फातून वर आलेले एकेकटे खडक दिसू लागतात. बाल्सरुडफ्येल्ले, पेविकहॉर्नेट, वेतेहेया ही नावे भारतीय शास्त्रज्ञांच्या अहवालांत वारंवार येतात. त्यांच्याही मागे वोल्टाट पर्वत.

आता अमरावती. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागात शिर्माखरहून आलेल्या गाळावर काम झाले आहे. हिमनद्यांनी वेगवेगळ्या परिस्थितीत टाकलेल्या गाळाच्या कणांचे आकारमान कसे बदलते, याचा त्या विभागातल्या अभ्यासकांचा लेख २०१२ साली 'जिओलॉगोस' या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आला. ही माहिती मिळाली त्या दिवशी मला फार आनंद झाला. अशा अभ्यासात गाळ वाळवतात, एकाखाली एक लावलेल्या चाळण्यांतून हलवतात, कोणत्या चाळणीत किती कण अडकले ते तोलतात. वाहत्या पाण्याने आणलेली वाळू निवडलेली असते, जड वेगळी आणि हलकी वेगळी. बर्फ निवड करत नाही. धोंडा, खडी, वाळू आणि पीठ एकत्रच आणून टाकतो. पूर्णेच्या काठी वाढलेल्या माणसाला हा फरक लगेच कळेल. पूर्णेने शेकडो मीटर जाडीचा गाळ अकोला-अमरावतीच्या सपाटीवर थरांनी पसरला आहे, त्याखाली काळा खडक गाडला आहे, आणि त्या गाळानेच आपल्याला खारे पाणी आणि कपाशी दोन्ही दिले. गाळ वाचणे हे वऱ्हाडातल्या भूवैज्ञानिकाचे रोजचे काम. तेच काम त्यांनी अंटार्क्टिकाच्या मूठभर मातीवर केले.

नुनाटाक पाहायला जायचे कशासाठी, हा प्रश्न रास्त आहे. थोडक्यात सांगतो, तपशील पुढच्या प्रकरणांत आहे. बर्फ आतून किनाऱ्याकडे वाहत असतो. वाटेत डोंगर आडवा आला की तो अडतो, वर येतो, आणि कोरडा वारा त्याचा वरचा थर खात राहतो. हजारो वर्षांपूर्वी आत कुठेतरी पडलेल्या उल्का अशा ठिकाणी उघड्या पडतात. १९६९ साली यामातो डोंगरांपाशी जपानी संशोधकांना निळ्या बर्फावर नऊ उल्का मिळाल्या आणि त्या वेगवेगळ्या प्रकारच्या निघाल्या. तेव्हापासून अंटार्क्टिका ही उल्का गोळा करण्याची जगातली सर्वांत मोठी जागा ठरली. दुसरे काम वेळ मोजण्याचे. बर्फ उंच होता तेव्हा त्याने डोंगराच्या उतारावर परके धोंडे नेऊन ठेवले. बर्फ खाली गेल्यावर ते आकाशाखाली आले आणि विश्वकिरणांच्या माऱ्याने त्यांच्यातल्या गारगोटीत बेरिलियमचा एक दुर्मीळ प्रकार साठू लागला. तो मोजला की बर्फ त्या उंचीवरून केव्हा उतरला ते कळते. समुद्राची पातळी पुढे किती वाढेल याचे गणित मांडताना ही मोजणी लागते.

आणि जीव. नॉर्वेच्या शास्त्रज्ञांनी अभ्यासलेल्या स्वार्टहामारेन या नुनाटाकावर समुद्रापासून सुमारे २०० किलोमीटर आत अंटार्क्टिक पेट्रेल पक्ष्यांची मोठी वसाहत आहे. पिलांना भरवायला ते पक्षी समुद्रापर्यंत जातात आणि परत येतात. उघडा खडक नसता तर त्यांना अंडे ठेवायला जागा नव्हती. ग्रीनलंडच्या नुनाटाकांवर फुलणाऱ्या वनस्पतीही आहेत. १८७८ साली डॅनिश लेफ्टनंट येन्सेन यांची तुकडी बर्फ ओलांडून अशा माथ्यांवर पोहोचली तेव्हा तिथे वनस्पती गोळा करता आल्या. हिमयुगात युरोपातल्या काही वनस्पती अशाच माथ्यांवर तग धरून राहिल्या का, यावर शास्त्रज्ञांत पुढे दीर्घ वाद झाला. त्याला एक स्वतंत्र प्रकरण दिले आहे.

वाचक म्हणेल, हे सगळे खरे, पण आपल्या भागात बर्फ कुठला? याचे उत्तर चंद्रपूरच्या बाजूला इरई गावाजवळ आहे. तिथल्या नदीपात्रात चुनखडकाचा एक पृष्ठभाग घासून गुळगुळीत झालेला आणि समांतर ओरखडे पडलेला आढळला. त्यावर धोंड्या-मातीचा तालचेर थर पसरलेला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या फ्रान्सिस फेडन यांनी १८७५ साली त्याबद्दल लिहिले. ओडिशातल्या तालचेरचा असाच थर बर्फाने आणला असावा, असा तर्क ब्लॅनफर्ड बंधूंनी त्याआधी १८५६ मध्ये मांडला होता. इरईच्या ओरखड्यांनी त्याला पुरावा दिला. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी भारत आणि अंटार्क्टिका एकाच गोंडवन भूमीचे भाग होते आणि आजच्या विदर्भावरून हिमनद्या सरकत होत्या. त्या बर्फातूनही काही माथे वर आलेले असतील. त्यांना पाहणारा डोळा तेव्हा नव्हता. शिवाय या सगळ्या भूमीला 'गोंडवन' हे नाव मिळाले ते आपल्या शेजारच्या गोंडांच्या प्रदेशावरून. आता जगात कुठल्याही भाषेत अंटार्क्टिकाच्या खडकाविषयी लिहायचे तर हा शब्द वापरावाच लागतो.

नावांच्या या प्रवासात मी वारंवार मेळघाटात परत आलो. चिखलदऱ्याजवळचा सर्वांत उंच माथा वैराट, जवळपास ११८० मीटर. लोक त्याचे नाव महाभारतातल्या विराटाशी जोडतात, आणि भीमाने कीचकाला मारले ती कीचकदरा म्हणजे चिखलदरा असे सांगतात. तिथेच काही अंतरावर हरिकेन पॉइंट आणि प्रॉस्पेक्ट पॉइंट आहेत, इंग्रजांनी ठेवलेले. सिपना नदीच्या नावात कोरकू भाषेतला साग आहे. एका दिवसाच्या भटकंतीत पुराण, साहेब आणि कोरकू अशी तिन्ही नावे पायाखालून जातात. त्यातली पहिली दोन छापली गेली. कोरकू नावांपैकी फारच थोडी नकाशावर आली. गावकऱ्यांबरोबर जंगलात चालताना प्रत्येक टेकाडाला, ओढ्याला, दगडाला नाव असते, आणि आपल्या हातातल्या कागदावर तिथे फक्त उंचीचा आकडा असतो. वोल्टाट पर्वताच्या नेमके उलट. तिथे नाव होते, पाहणारा नव्हता. इथे पिढ्यान्पिढ्या पाहणारे आहेत आणि कागद कोरा आहे.

म्हणून या पुस्तकाच्या वाचकाला, विशेषतः अचलपूर, धारणी, आकोट, तेल्हारा, चिखलदरा इथल्या शिक्षकांना आणि मुलांना माझी एक विनंती आहे. नुनाटाकांची प्रकरणे वाचून झाली की एक वही घ्या. गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला बरोबर घेऊन जवळच्या टेकडीपर्यंत जा. ती टेकडी, तिच्या मागची टेकडी, मधली खिंड, यांना घरात काय म्हणतात ते विचारा आणि त्यांच्या तोंडचा उच्चार जसाच्या तसा लिहा. 'नरनाया' असेल तर 'नरनाया' लिहा. सांगणाऱ्याचे गाव आणि तारीख खाली घाला. त्या वहीची एक प्रत शाळेत ठेवा आणि एक तालुक्याच्या वाचनालयात द्या.